त्र्याण्णव मास्तर

आमचे मास्तर दर वर्षी राजाला मारायचे. साधारण नवरात्राच्या सुमारास, नववीच्या वर्गात, तिसऱ्या तासाला.

त्या दिवशी ते घरून एक शहाळं आणि कोयता घेऊन यायचे. शहाळं टेबलावर उभं करून त्याच्यावर खडूने दोन डोळे आणि मिशी काढायचे. (फ्रान्सच्या त्या राजाला मिशी नव्हती हे मला पुढे चित्र बघून कळलं, आणि फसवल्यासारखं वाटलं.) मग वर्गाकडे वळून विचारायचे, "काय करूचा ह्येचा?" आम्ही चाळीस पोरं एका आवाजात ओरडायचो. कोयता एकदाच खाली यायचा. टेबलावर पाणी उडायचं, पहिल्या बाकावरच्या मुली किंचाळायच्या, आणि मास्तर ते पाणी एका स्टीलच्या पेल्यात ओतून वर्गात फिरवायचे. प्रत्येकाने एक घोट घ्यायचा. "चव कशी आसा?" आम्ही म्हणायचो, गोड. मास्तर रुमालाने कोयता पुसत म्हणायचे, "हां. पयलो घोट गोडच लागता."

तो घोट घेताना माझ्या अंगावर काटा आला असता तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. मी मागून दुसरा घोट मागितला होता.

पुस्तकात इतिहासाचे पंधरा धडे होते. मास्तर त्यातले तेरा गणपतीच्या सुट्टीआधी उरकायचे, एक दिवाळीनंतर घाईघाईत वाचून घ्यायचे, आणि मधले सगळे दिवस एका वर्षावर घालवायचे. सतराशे त्र्याण्णव, फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं उडवलं ते साल. म्हणून त्यांचं नाव त्र्याण्णव मास्तर. हे नाव त्यांना तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांच्या घरी पत्र्यावर पडलेला नारळसुद्धा ते ओळखत होता. सनावळ्या ते पुस्तकी मराठीत सांगत, आणि माणसं मरायला लागली की मालवणीत उतरत. त्या फिरंगी नावांनी आमच्या जिभेच्या गाठी बसत, म्हणून त्यांनी सगळ्यांना आमच्यातली नावं दिली होती. एक होता वकील. कपडे नीटनेटके, पैशाला न शिवणारा, एका सुताराच्या घरात भाड्याने राहणारा. एक होता दांडगो. आवाज असा की दोन रस्ते पलीकडे ऐकू जावा. आणि एक डॉक्टर, अंगाला खाज सुटायची म्हणून पाण्याच्या टपात बसून वर्तमानपत्र लिहिणारा. त्याला एका बाईने टपातच सुरीने मारलं. हा भाग मास्तर इतका रंगवून सांगत की महिनाभर आम्ही विहिरीवर आंघोळ करताना मागे वळून बघायचो.

"ह्यो वकील," मास्तर म्हणत, "तरणो होतो तेव्हा फाशीच्या विरुद्ध भाषण केल्यान हुता. माणसान माणसाक मारू नये म्हणालो. आणि दोन वर्षांत बगा, राजाक मारा म्हणान तोच सांगता." मग खडू घेऊन फळ्यावर मधे एक छोटा गोल काढायचे, तो फ्रान्स, आणि चारी बाजूंनी त्याच्याकडे येणारे बाण. "भायर लढाई. आत भाकरीसाठी रांग. अशा वेळी माणूस पयला काय शोधता?" आम्ही म्हणायचो, भाकरी. मास्तर मान हलवायचे. "नाय. फितूर शोधता. भाकरी मिळाक येळ लागता, फितूर लगेच गावता."

मी वर्गाचा मॉनिटर होतो. माझं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे मास्तर वर्गात नसले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे. मी हे काम भक्तीने करायचो. बोलणारे संपले की हसणाऱ्यांची लिहायचो, हसणारे संपले की माझ्याकडे वाकडं बघणाऱ्यांची. एकदा फळा पुरला नाही म्हणून मी दाराच्या मागच्या भिंतीवर गेलो होतो. मास्तर आले, फळा वाचला, भिंत वाचली. डस्टर हाताशी असून स्वतःच्या तळव्याने एकेक नाव पुसत गेले. मग पांढऱ्या हाताने माझा कान धरला, पण पिरगळला नाही. नुसता धरून ठेवला.

"सेक्रेटरी," ते म्हणाले, "तुझा अक्षर बरा आसा. म्हणानच भीती वाटता."

मी घरी जाऊन आईला सांगितलं की मास्तरांनी माझ्या अक्षराची स्तुती केली.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा मी गावात झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. मालवणहून देवबागच्या रस्त्याला लागलात की कुठेतरी लागतो एवढं पुरे. अजून सांगितलं तर पुन्हा कुणाची तरी नावं सांगितल्यासारखं होईल. मास्तरांची बायको आधीच गेली होती, मुलगी कसालला दिली होती. घरात ते एकटेच. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते किनाऱ्यावर आले, धोतर वर खोचलं आणि रापणीच्या दोराला शेवटी जाऊन हात लावला.

रापण म्हणजे आमच्या किनाऱ्याचं मोठं जाळं. होडी ते घेऊन समुद्रात अर्धा फेरा मारते, आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस तरी लागतात. आणि आमच्याकडे रीत अशी की ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. तो कोण, कुठला, कुठल्या घरचा हे विचारायचं नाही. वाटेने जाणाऱ्या पोस्टमनने हात लावला तरी त्याच्या पिशवीत चार बांगडे पडणार. मास्तरांच्या हातात जोर नव्हता. ते दोराच्या शेपटीला बसत आणि ओढून आलेला ओला दोर वाळूत गोल गोल रचत. नागाचं वेटोळं असावं तसा तो दोर दिसायचा. कुणी नवा पाहुणा विचारायचा, हे काय करताहेत. मास्तर म्हणायचे, "इतिहास गुंडाळतंय."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे महिने. त्र्याण्णवात त्या लोकांनी जुनं पंचांगच फेकून दिलं आणि महिन्यांना नवी नावं दिली. धुक्याचा महिना, वाऱ्याचा महिना, फुलांचा महिना. मास्तरांना हे भारी आवडायचं. दोर गुंडाळताना ते आमच्या किनाऱ्याचे महिने लावत बसायचे. हा बांगड्यांचा, हा फणसाच्या गऱ्यांचा, हा अंगाला अंग चिकटायचा, हा मुंबईकर परत जायचा. त्या शेवटच्या वर्षी एक दिवस त्यांनी समुद्राकडे बोट केलं आणि म्हणाले, "ह्यो कसलो म्हयनो ता माका कळना नाय."

सांजवेळ होती. क्षितिजावर दिव्यांची रांग लागली होती, जणू पलीकडे एक शहर वसलंय. बाहेरच्या मोठ्या बोटी. त्या पाण्यात झगझगीत दिवे सोडून मासे गोळा करायच्या आणि एका रात्रीत सगळं ओढून न्यायच्या. आमच्या रापणीला येऊ लागला तो पाचोळा, काटक्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या. पंधरा दिवस असे गेले. माणसं दोर ओढताना बोलेनाशी झाली. जाळं रिकामं आलं की कुणी समुद्राकडे बघत नसे, एकमेकांकडे बघत.

मग समिती झाली. बारा माणसं. मास्तरांनी ऐकलं तेव्हा हसले नाहीत. त्र्याण्णवात फ्रान्समध्ये गावोगावी असल्या समित्या होत्या, म्हणाले, आणि त्याही बाराच जणांच्या. अध्यक्ष झाला तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. याचं खरं नाव सगळे विसरले होते, कारण तो जन्मल्यापासून म्होरक्याच होता. दारू नाही, विडी नाही, कुणाचा फुकट चहा नाही. आम्हाला वाटलं, असा माणूस लाभला म्हणजे गाव तरला. मास्तर मात्र म्हणाले, "लबाड माणूस कधीतरी दमता. प्रामाणिक माणूस दमना नाय. तेची काळजी."

आणि सेक्रेटरी? मी. अक्षर बरं, झेरॉक्सचं मशीन घरचं, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपचा ॲडमिन.

आता माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार चूक सांगतो. पहिल्या सभेला दीडशे माणूस देवळाच्या मांडवात जमलं, आणि कुणी कुणाचं ऐकेना. मी ठराव वाचतोय, आणि पुढे बसलेले दोघे एका मेलेल्या म्हशीवरून भांडताहेत. मग मला सुचलं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण सुरात देवाला सांगत जातो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी सगळे जमलेले "होय म्हाराजा" म्हणतात. आईच्या मांडीवर असल्यापासून आम्ही ते म्हणत आलोय. त्यासाठी ऐकावं लागत नाही, शेवटचा सूर पडला की तोंड आपोआप उघडतं. मी कागद वर धरला आणि सूर लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्या किनाऱ्याच्या राखणदारा, आज जी काय तुझी लेकरां हयसर जमलेली आसत, तेंच्या पोटाआड जो कोण इलो असात, तेका बाजूक कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

म्हशीवाले दोघेही म्हणाले. मी सात ठराव तीन मिनिटांत पास केले. तांडेलने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री बायकोने विचारलं, कशावर होय म्हटलं लोकांनी? मी म्हटलं, सगळ्यावर. ती म्हणाली, "म्हणजे कशावरच नाय."

सातवा ठराव असा होता: बाहेरच्या बोटींशी संबंध ठेवणाऱ्याला दोराला हात लावू द्यायचा नाही.

वाचायला सोपा वाटतो. मास्तर दुसऱ्या दिवशी दुकानात आले. त्यांना झेरॉक्स काढायची नव्हती. स्टुलावर बसले आणि विचारलं, संबंध म्हणजे काय, कुठे लिहिलंय का? मी म्हटलं, मास्तर, ते सगळ्यांना कळतं. ते म्हणाले, तिकडे फ्रान्समध्येही सगळ्यांना कळायचं. संशयितांचा कायदा झाला तेव्हा पहिल्यांदा शत्रूला मदत करणारे संशयित होते. मग त्यांचे नातेवाईक. मग ज्यांनी विरुद्ध काही केलं नाही, पण बाजूनेही काही केलं नाही, तेही. त्यांनी माझ्या टेबलावरची कोरी वही पुढे ओढली, पानं चाळली आणि म्हणाले, दोनशे पानी घेतलीस होय रे. शंभरची मिळत नव्हती का?

मी हसलो. मला खरंच वाटलं, मास्तर विनोद करताहेत.

पहिलं नाव सुऱ्या बर्फवाल्याचं. सुऱ्याचा एक टेंपो आणि बर्फ फोडायचं यंत्र. तो बर्फ सगळ्यांनाच विकायचा, बाहेरच्या बोटींनाही. पाच वर्षं विकत होता, आम्ही बघत होतो. पण जाळं भरून येत होतं तेव्हा बर्फ नुसता बर्फ होता. सभेत मी त्याचं नाव सुरात घेतलं. होय म्हाराजा. दुसऱ्या पहाटे सुऱ्या दोरापाशी आला तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं आणखी जवळ सरकली, आणि मधे जागाच उरली नाही. कुणी त्याला हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. आठवड्याने त्याची बर्फाची पेटी किनाऱ्यावर फुटलेली दिसली. कुणी फोडली ते कुणी विचारलं नाही. मी वहीत लिहिलं: पेटी वाऱ्याने पडली. त्या दिवशी वारा नव्हता.

मग एका बाईचं नाव आलं, कारण तिची बहीण बोटवाल्यांच्या गावात दिलेली. मग एकाचं, कारण त्याच्या घरी होमस्टेला उतरलेला पाहुणा बोटीतून मासेमारीला गेला होता. मग एकाचं, कारण तो ग्रुपवर अंगठा दाखवायला दोन दिवस उशीर करायचा. हे शेवटचं कारण मीच शोधून काढलं, आणि मला त्याचा अभिमान होता. लोक दुकानात कुजबुजत येऊ लागले. शेजारच्याचं नाव सांगायचे आणि वर विचारायचे, "माझा नाय मा?" मी वही उघडून बघितल्यासारखं करायचो. ती चव मला आठवते. पहिला घोट संपला होता, मी पुन्हा पेला पुढे करत होतो.

जाळं रिकामंच येत होतं. दिव्यांची रांग तशीच. बोटींवर आमच्या वहीचा काही परिणाम होत नव्हता. त्यांनी ती वाचलीच नव्हती.

दोर ओढणारे कमी झाले तसं मास्तरांना शेपटीकडून हळूहळू पुढे यावं लागलं. सत्तरी उलटलेला माणूस तांडेलच्या मागे तिसऱ्या जागी. त्यांच्या तळव्यांना फोड आले होते. मी एकदा म्हटलं, मास्तर, राहू द्या ना. ते म्हणाले, "सकाळी उठून खंयतरी हात लावूक व्हयो रे. घरात कोणाक लावू?" त्या एका वाक्यात त्यांचं सगळं होतं. घर रिकामं, शाळा संपलेली. गावात त्यांचं असं म्हणायला तो दोर होता.

आणि मग ग्रुपवर फोटो आला. सुऱ्याच्या पडवीत मास्तर बसलेत, हातात चहाचा कप. फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, बघा. फक्त एवढंच. पाच मिनिटांत ऐंशी माणसांनी बघितलं.

तांडेल माझ्याकडे आला. त्याचा चेहरा बरा नव्हता. मास्तर त्याचेही मास्तर होते, त्यानेही तो पेला प्यायलेला. म्हणाला, नियम एकाला एक नि दुसऱ्याला दुसरा करता येणार नाही, नाहीतर सुऱ्यावर अन्याय झाला असं होईल. मी विचार केला आणि मला ते पटलं. हे वाक्य पुन्हा वाचा. सुऱ्यावर अन्याय झाला असं होऊ नये म्हणून मास्तरांवर करायचा, हे मला पटलं. अक्षर चांगलं असणाऱ्याला काहीही पटतं.

सभेच्या सांजेला मास्तर धुतलेला सदरा घालून आले, जसे शाळेच्या पहिल्या दिवशी यायचे. तांडेलने मान खाली घालून विचारलं की तुम्ही तिथे कशाला गेलात. मास्तर म्हणाले, चहा प्यायला. गावात आणखी कुठे चहा मिळत नाही का? मिळतो, मास्तर म्हणाले, पण सुऱ्याकडे कुणी जात नाही, म्हणून गेलो. मग त्यांनी सगळ्या मांडवावरून नजर फिरवली; त्यातली निम्मी माणसं कधी ना कधी त्यांच्या बाकावर बसलेली होती.

"पोरांनो," ते म्हणाले, "तुमका मी एकच वरस शिकवलंय. तां पण पाठ करून इल्यात."

तांडेलने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता माझा आवाज फुटणार नाही. आवाज छान लागला. बा देवा म्हाराजा. जो कोण आपल्या माणसांत बसून दुसऱ्याक वाट दाखवता, तेचो हात ह्या दोराक लागू देव नको रे म्हाराजा.

होय म्हाराजा.

गाऱ्हाणं घालणाऱ्याने "होय" म्हणायचं नसतं. ते ऐकणाऱ्यांचं काम. मी म्हटलं. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, फळ्यावरची नावं वाचली होती त्या नजरेने.

दुसऱ्या पहाटे मास्तर आले. आम्हाला वाटलं नव्हतं. धोतर खोचून ते आपल्या जुन्या जागी, शेपटीला गेले आणि दोराला हात लावला. होडी फेरा मारून आली होती, जाळं पाण्यात होतं, आणि त्या दिवशी, कित्येक महिन्यांनी, आत काहीतरी होतं. पाणी चमकत होतं. तांडेलने ओढायची हाक दिली नाही. कुणीच ओढेना. दोर ताणलेला, समुद्र आपल्या बाजूला खेचतोय, आम्ही वीस माणसं दोर नुसता धरून उभी. मास्तरांना हात सोडा म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि त्यांचा हात असताना ओढायचीही. दोर तळव्यांत रुतत होता. माझ्या पुढचा माणूस रडत होता का घाम पुसत होता ते कळलं नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. शेवटी मास्तरांनी हात काढला, वाळू झटकली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ओढा. मासो फुकट मरता."

आम्ही ओढलं. जाळं भरून आलं. त्या दिवशी एकाही घरात त्या माशांना चव नव्हती असं मी लिहिणार होतो, पण खोटं आहे. चव चांगली होती. मी दोन वेळा जेवलो.

चार दिवसांनी मास्तर मुलीकडे जायला निघाले. त्यांना कसालला सोडायला कुणी रिक्षावाला तयार होईना, म्हणून मी माझ्या स्कूटरवर नेलं. हे शौर्य नव्हे. मी आधी कुणी बघत नाही ना हे बघितलं, आणि मालवण पार होईपर्यंत हेल्मेटची काच खाली ठेवली. मागे मास्तर एक पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कसालच्या तिठ्यावर हायवेच्या कडेला उतरले, पिशवी खांद्याला लावली. मला काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि मी जगातला सगळ्यात मूर्ख प्रश्न विचारला.

"मास्तर, चौऱ्याण्णवात काय झालं? तुम्ही कधी शिकवलंच नाहीत."

ते हसले. त्या वर्षातलं पहिलं हसू. "शिकवूची गरज नाय. तू सेक्रेटरी आसस. तुका कळात."

मग रस्ता ओलांडायला निघाले, आणि परत वळून आले. ट्रक जात होते, म्हणून त्यांना माझ्या कानाशी यावं लागलं. "तुका नाय म्हणूक सांगणंय नाय. ता तुका जमाचा नाय. पण पुढच्या वेळेक सगळे होय म्हणतीत ना, तेव्हा तू एक श्वास घे. आणि मगे म्हण. एवढाच."

चौऱ्याण्णव, ज्या वर्षी वकिलाचीच मान गेली, ते मला चार महिन्यांत कळलं. कसालच्या तिठ्यावरचा आमचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला. हेल्मेटची काच वर होती. मी ॲडमिन होतो, पण तो फोटो पुसायचा धीर झाला नाही. पुसला असता तर तेही कारण झालं असतं. सभेत नाव वाचायला दुसरा कुणी तयार होईना, कारण वहीतलं अक्षर सगळ्यांना सवयीचं ते माझंच. म्हणून माझं नाव मीच लिहिलं, नेहमीसारखं वळणदार, आणि मीच सुरात वाचलं. होय म्हाराजा. पुढल्या महिन्यात तांडेलचं नाव. त्याचा पुतण्या रत्नागिरीकडे कुठल्या तरी बोटीवर कामाला लागला होता. तांडेलने गुन्हा कबूल केला. दोनशे पानांतली एकशे बारा भरली होती.

आणि एका पहाटे रापणीला एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला सात माणसं उरली. सोळा माणसांनी रापण ओढली जात नाही. जाळं छपरात गेलं ते अजून तिथेच आहे. दिव्यांच्या बोटींनी ते घालवलं असं आम्ही पर्यटकांना सांगतो.

मास्तर दोन वर्षांपूर्वी गेले. निरोप आला तेव्हा मी एकटाच निघालोय असं मला वाटलं होतं, पण कसालच्या त्या घराच्या अंगणात सुऱ्या आधीच येऊन बसला होता. मुलीने सांगितलं की ते शेवटपर्यंत पहाटे उठायचे आणि अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीला हात लावून थोडा वेळ उभे राहायचे. ती म्हणाली, आम्हाला वाटायचं तोल सांभाळतात.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात गावात पुन्हा सभा झाली. या वेळी बोटी नाहीत; किनाऱ्यावर काही मोठं बांधायचं घाटतंय, आणि जमिनी कुणी देऊ केल्यात त्याची चर्चा आहे. समिती नवी, वही नवी. सेक्रेटरी नवा आहे, सुशिक्षित आहे, अक्षराची त्याला गरज नाही, मोबाईलवरून वाचतो. पण सूर माझाच. मी शोधलेला, तेच चढ, तेच उतार. मांडवात चटईवर मी बसलो होतो, डावीकडे तांडेल. आता त्याला ऐकू कमी येतं आणि सगळे त्याला नावाने हाक मारतात.

पहिलं नाव आलं. दीडशे माणसांनी होय म्हटलं. मी श्वास घेतला. एक श्वास किती लहान असतो हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं. तो आत पोचेपर्यंत दुसरं नाव सुरू झालं होतं. एका विधवेचं, जिची जमीन विकलेली नाही, फक्त मोजून घेतलेली. सूर खाली आला, सगळी तोंडं उघडली, मिटली, आणि मग त्या रिकाम्या जागेत माझा आवाज एकटाच पडला.

"नाय म्हाराजा."

उजवीकडचा माणूस चटईवर वीतभर सरकला. तांडेल सरकला नाही. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. त्याने फक्त चटईची कड दोन्ही मुठींत धरली, ताणून, दोर धरतात तशी.